शाळा सुरू असताना लग्नाला: इंग्लंडमधील दंडाच्या नोटिशीचा अनुभव

इंग्लंडमधील शाळांच्या सुट्ट्या आणि आपले पंचांग यांचा मेळ बसत नाही, हे इथे मुले शाळेत जाऊ लागेपर्यंत फारसे जाणवत नाही. सहा आठवड्यांची मोठी सुट्टी जुलैच्या शेवटी सुरू होते आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपते, म्हणजे ती नेमकी चातुर्मासात येते, जेव्हा आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त काढत नाहीत. नाताळची दोन आठवड्यांची सुट्टी बहुतेक वर्षी पौषाच्या आसपास पडते आणि पौष टाळणारी घरे आमच्या सातारकडच्या नात्यात अजून पुष्कळ आहेत. हाफ टर्म म्हणजे सत्राच्या मध्यावरची सुट्टी, ती जेमतेम एका आठवड्याची, आणि त्यातले दिवस विमानात आणि मुंबई-साताऱ्याच्या रस्त्यावरच सरतात. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लग्नसराई ऐन जोरात असते तेव्हा इथले वर्ग भरलेले असतात. इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला त्यामुळे केव्हा ना केव्हा या प्रश्नाला सामोरे जावे लागते: घरचे कार्य चुकवायचे की मुलांची शाळा?

आमच्यावर ही वेळ २०२४ च्या नोव्हेंबरात आली. माझ्या धाकट्या दिराचे लग्न साताऱ्यात ठरले. कार्तिकी एकादशी त्या वर्षी १२ नोव्हेंबरला होती, पाठोपाठ तुळशीची लग्ने, आणि मुलीकडच्या मंडळींनी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला मुहूर्त धरला. दिवाळी मात्र त्या वर्षी ऑक्टोबरच्या हाफ टर्ममध्येच आली होती, म्हणून शेजारच्या एका इंग्रज बाईंनी आपुलकीने विचारले की, लग्नही त्याच आठवड्यात का नाही उरकून घेत? तुळशीच्या लग्नाआधी आमच्याकडे लग्न लावत नाहीत, हे मी त्यांना समजावून सांगितले आणि त्यांना ते पटलेही. माझे यजमान थोरले, दिराला सख्खी बहीण नाही, त्यामुळे करवलीचा मान आमच्या लेकीकडे आला होता. आजेसासूबाई नव्वदीच्या घरात. पतवंडांना त्यांनी डोळे भरून पाहिले होते ते एकदाच. हे लग्न चुकवावे असे आमच्या दोघांच्याही मनाला एकदाही वाटले नाही.

लेक तेव्हा पाचवीत, इथल्या भाषेत ‘इयर फाइव्ह’मध्ये होती आणि मुलगा नुकताच ‘रिसेप्शन’च्या, म्हणजे शाळेतल्या अगदी पहिल्या वर्गात बसू लागला होता. लग्न एका दिवसाचे असले तरी हळद, देवक, लग्न, मग जेजुरी आणि घरचा सत्यनारायण हे सगळे धरता, शिवाय येण्याजाण्याचे दिवस मोजता, शाळेचे जवळजवळ दोन आठवडे बुडणार होते.

इथला कायदा मी आधी वरवर ऐकून होते. या निमित्ताने नीट वाचला. १९९६ च्या शिक्षण कायद्यानुसार सक्तीच्या शिक्षणाच्या वयातल्या, शाळेत नाव घातलेल्या मुलाने नियमित शाळेत जावे ही जबाबदारी पालकांची आहे आणि कलम ४४४ प्रमाणे ती न पाळणे हा गुन्हा आहे. २०१३ पर्यंत मुख्याध्यापकांना विशेष परिस्थितीत वर्षाला दहा दिवसांपर्यंत कौटुंबिक सुट्टी मंजूर करता येत असे. १ सप्टेंबर २०१३ पासून ती तरतूद काढून टाकण्यात आली आणि केवळ अपवादात्मक परिस्थितीतच रजा देता येईल असे ठरले. त्यापुढचा बदल १९ ऑगस्ट २०२४ चा, म्हणजे आमच्या प्रवासाच्या तीनच महिने आधीचा. पूर्वी दंड कधी लावायचा हे प्रत्येक काउन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था, आपापल्या परीने ठरवत असे. आता संपूर्ण इंग्लंडसाठी एकच मोजमाप आले. शाळेचा दिवस दोन सेशनमध्ये विभागलेला असतो, सकाळचे आणि दुपारचे, आणि दोन्ही वेळा स्वतंत्र हजेरी होते. शाळेच्या कोणत्याही सलग दहा आठवड्यांत अशी दहा सेशन, म्हणजे पाच दिवस, विनापरवानगी बुडली की शाळेने दंडाच्या नोटिशीचा विचार केलाच पाहिजे. पूर्वी दंड ६० पौंड होता, तो ८० झाला. ८० पौंड २१ दिवसांत भरायचे. ती मुदत टळली तर २८ व्या दिवसापर्यंत १६० पौंड. आणि ही रक्कम कुटुंबाला मिळून नसते. प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे वेगळी नोटीस निघते. दोन पालक आणि दोन मुले असली तर एकाच प्रवासापायी चार नोटिसा येऊ शकतात.

आमच्या मुलाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती, ती शाळेच्या कचेरीतल्या बाईंनी सांगितली. मूल चौथ्या वर्षी रिसेप्शनमध्ये जात असले तरी कायद्याने शिक्षण सक्तीचे होते ते पाच वर्षे पूर्ण झाल्यानंतरच्या सत्रापासून. मुलाचा जन्म २०२० च्या उन्हाळ्यातला, म्हणजे सक्ती लागू होणार ती सप्टेंबर २०२५ पासून. त्याची गैरहजेरी हजेरीपटावर लागणार होती, पण त्याच्यासाठी दंड लावता येत नव्हता. प्रश्न होता तो फक्त लेकीचा.

अर्ज प्रवासाच्या आधीच करावा लागतो आणि मूल ज्या पालकाजवळ राहते त्यानेच तो करायचा असतो. परत आल्यावर कारणे सांगून रजा मंजूर करून घेता येत नाही. शाळेच्या संकेतस्थळावरचा अर्ज एका पानाचा होता. मुलाचे नाव, वर्ग, तारखा, आणि खाली ‘अपवादात्मक परिस्थिती’ लिहायला जेमतेम चार ओळींची चौकट. मी त्या चार ओळींत मावेल तेवढे लिहिले आणि सोबत वेगळे पत्र जोडले. लग्न वडिलांच्या सख्ख्या भावाचे आहे, तारीख मुलीकडच्यांनी आणि पंचांगाने ठरवलेली आहे, लेकीला त्या विधीत ठरावीक काम आहे, पणजीचे वय झाले आहे, हे सगळे मुद्देसूद मांडले. लग्नपत्रिकेची प्रत जोडली आणि तारीख, वेळ, स्थळ यांचे इंग्रजी भाषांतर खाली टंकून दिले. विमानाची तिकिटे आम्ही तोवर काढली नव्हती आणि तसे पत्रात नमूद केले, कारण आधी तिकिटे काढून मग परवानगी मागणे हे शाळेला गृहीत धरल्यासारखे दिसते आणि ते मुख्याध्यापकांना मुळीच आवडत नाही, असे जुन्या पालकांनी सांगितले होते. हा सल्ला मोलाचा होता.

मुख्याध्यापिकांनी भेटीला बोलावले. त्यांच्या खोलीत भिंतीवर प्रत्येक वर्गाच्या हजेरीची टक्केवारी आठवड्यागणिक लिहिलेला फळा होता आणि बोलताना त्यांची नजर अधूनमधून त्या फळ्याकडे जात होती. त्यांनी पत्रिका हातात घेऊन नीट पाहिली, गणपतीच्या चित्राबद्दल विचारले, लेकीचे काम काय असते तेही विचारले. मग म्हणाल्या, “तुमच्या घरात या लग्नाचे काय महत्त्व आहे हे मला समजते आहे. लग्नाच्या दिवसाची रजा मी देऊ शकते, कारण ती तारीख तुमच्या हातात नाही. बाकीचे दिवस मात्र तुमच्या निवडीचे आहेत असेच मला लिहावे लागेल.” मी म्हटले, सातारा काही लंडनहून गाडीने जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगे नाही, एका दिवसाच्या लग्नाला एका दिवसाची रजा म्हणजे रजा न दिल्यासारखेच होते. त्यांनी ते नाकारले नाही. पण त्यांच्यापुढे सरकारचे मार्गदर्शक सूत्र होते, आणि सुट्टीची किंवा विरंगुळ्याची गरज ही साधारणपणे अपवादात्मक परिस्थिती मानू नये असे त्यात म्हटले आहे. किती दिवस द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा, पण एका कुटुंबाला दोन आठवडे दिले की तीच मागणी घेऊन दुसरी वीस कुटुंबे येतील, ही त्यांची अडचण मला दिसत होती. आमच्या शाळेत पोलंड, नायजेरिया, पाकिस्तान, भारत अशा अनेक देशांतून आलेल्या घरांची मुले आहेत आणि प्रत्येकाचे कोणी ना कोणी दूर आहे.

वर्गशिक्षिकांचे म्हणणे मला अधिक भिडले. त्या म्हणाल्या की तीस मुलांच्या वर्गात दर आठवड्याला कोणी ना कोणी नसते. परत आलेल्या मुलाला मागचे शिकवायचे तर उरलेल्या एकोणतीस मुलांचा वेळ जातो. पाचवीत अपूर्णांकांचा पाया घातला जातो आणि सहावीत, मे महिन्यात, सॅट्सच्या राष्ट्रीय चाचण्या होतात. सुट्टीसाठी गेलेल्या मुलाला अभ्यास काढून देण्याचे बंधन शाळेवर नसते, तरीही त्यांनी त्या दोन आठवड्यांत काय शिकवले जाणार आहे याची यादी हाताने लिहून दिली. माझे सासरे गणिताचे निवृत्त शिक्षक. ती यादी मी फोनवरून त्यांना वाचून दाखवली आणि त्यांनी ती अतिशय गंभीरपणे उतरवून घेतली.

लेखी उत्तर आठवड्याभरात आले. लग्नाचा एक दिवस मंजूर, उरलेले दिवस नामंजूर, आणि नामंजूर दिवशी मूल गैरहजर राहिल्यास शाळा प्रकरण काउन्सिलकडे पाठवू शकते, अशी सूचना. ही लेखी पूर्वसूचना महत्त्वाची असते, कारण पुढे कोणी म्हणू शकत नाही की आम्हाला कल्पना नव्हती.

त्या पत्रानंतर ओळखीच्या मंडळींचे सल्ले सुरू झाले. सर्वांत जास्त ऐकलेला सल्ला म्हणजे पोर आजारी आहे असे कळवा. दुसरा, अधिक हिशेबी: नऊच सेशन बुडवा, दहावे बुडू देऊ नका. या दुसऱ्या सल्ल्यात तथ्य कमी आहे हे सांगितले पाहिजे. दहाची मर्यादा ही सवलत नव्हे. मर्यादा चुकवण्यासाठी मुद्दाम थोड्या थोड्या दिवसांच्या सुट्ट्या घेणाऱ्या पालकांना त्याआधीही नोटीस देण्याची मुभा काउन्सिलला आहे. शिवाय हजेरीपट बंद झाल्यावर उशिरा पोहोचलेल्या सकाळीही विनापरवानगी गैरहजेरीत मोजल्या जातात, त्यामुळे ज्याला आपण नऊ समजतो ते प्रत्यक्षात अकरा भरू शकतात. पहिल्या सल्ल्याबद्दल मात्र हिशेब करण्याची गरजच नव्हती. लेक नऊ वर्षांची होती. आजारी असल्याचे सांगायचे तर ते तिला पढवावे लागले असते, आणि परतल्यावर कोपरापर्यंत मेंदी रंगलेल्या हातांनी ती मैत्रिणींना काय सांगणार होती? काकाच्या लग्नात करवली म्हणून मिरवल्याची गोष्ट तिला आयुष्यभर लपवायला लावणे, हा मला ८० पौंडांपेक्षा पुष्कळ मोठा दंड वाटला. आम्ही दोघांनी ठरवले की खरे कारण सांगून जायचे आणि नोटीस आली तर ती भरायची. नाताळपर्यंत थांबून केवळ पाहुणचाराला जाण्याचाही विचार झाला. पण नाताळच्या आठवड्यातली तिकिटे नोव्हेंबरच्या जवळजवळ दुप्पट भावाने मिळत होती, आणि तेव्हा लग्न होऊन गेलेले असते.

साताऱ्याचे दिवस भरगच्च गेले. फोनवर सासूबाईंना दंडाचे सांगितले होते तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “अगं, आपल्याकडं लग्न असलं की मास्तरच जेवायला यायचे.” आता तीच माहिती पाहुण्यांत पसरली आणि मांडवात येणारा प्रत्येक जण लेकीला कौतुकाने विचारी, “तुझ्यासाठी बाबांनी दंड भरला म्हणे?” तिला ते आवडत नव्हते, म्हणून मी सर्वांना विनंती केली की हा विषय तिच्यासमोर काढू नका. लग्नाच्या दिवशी हिरवा परकर-पोलका घालून, हातात दिवा लावलेला कऱ्हा धरून ती नवरदेवामागे उभी राहिली. मंगलाष्टके लांबली तसा तिचा हात थरथरू लागला, आजेसासूबाईंनी खुर्चीवरूनच एका मुलाला तिच्या कोपराखाली हात धरायला सांगितले, पण तिने तो घेतला नाही. दुपारच्या वेळी सोप्यात सासरे तिला घेऊन बसत आणि शिक्षिकेच्या यादीतले एकेक कलम पुरे झाले की त्यापुढे तारीख घालून सही करत. ते कागद परतल्यावर आम्ही शिक्षिकेला दिले.

परत आल्यावर शाळेच्या ॲपवर हजेरी उघडून पाहिली. लग्नाच्या दिवसापुढे ‘सी’, म्हणजे मंजूर रजा. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे ओळीने ‘जी’, म्हणजे शाळेने मंजूर न केलेली सुट्टी, प्रत्येक दिवसाला दोन. शाळेचे वर्ष १९० दिवसांचे, म्हणजे ३८० सेशनचे असते. त्या ओळीमुळे लेकीची वर्षभराची हजेरी पाचेक टक्क्यांनी खाली येणार होती. वर्षाअखेरीच्या प्रगतिपुस्तकावर हाच आकडा छापला जातो.

नोटिसा डिसेंबरमध्ये आल्या. पारदर्शक खिडकीची दोन पाकिटे, एक माझ्या नावाचे, एक यजमानांच्या नावाचे, आत मजकूर शब्दशः एकच. काउन्सिलचे बोधचिन्ह, लेकीचे नाव, शाळेचे नाव, गैरहजेरीच्या तारखा, भरणा करण्याचा क्रमांक आणि दोन मुदती. रक्कम हप्त्याने भरता येत नाही, असे स्पष्ट लिहिलेले. आणि शेवटच्या परिच्छेदात: या नोटिशीविरुद्ध अपील करता येत नाही. हे वाक्य मी आधी माहितीपत्रकात वाचले होते, तरी स्वतःच्या नावाच्या कागदावर वाचताना वेगळेच वाटते. नोटीसच चुकीची असेल, म्हणजे भलत्याच माणसाला गेली असेल किंवा ती द्यायलाच नको होती असे दिसले, तर काउन्सिल ती मागे घेऊ शकते. पण रजा का नाकारली, याचा फेरविचार काउन्सिल करत नाही. तो निर्णय मुख्याध्यापिकांचा, तो प्रवासाआधीच झालेला, आणि तिथेच संपलेला असतो. ज्यांना ही वाट चालायची आहे त्यांनी एवढे एक लक्षात ठेवावे: आपले म्हणणे ऐकून घेतले जाण्याची जागा एकच आहे, ती म्हणजे रजेचा अर्ज आणि त्यानंतरची भेट. पुढच्या टप्प्यांवर कोणी कारण विचारत नाही.

लंडनमधल्या एका परिचितांनी दंड न भरता न्यायालयात जाण्याचा आग्रह धरला. २८ दिवसांत पैसे भरले नाहीत तर काउन्सिलपुढे दोनच पर्याय राहतात, नोटीस मागे घेणे किंवा कलम ४४४ खाली खटला भरणे. आणि खटला दंड न भरल्याबद्दल नसतो, मूळ गैरहजेरीबद्दल असतो. मॅजिस्ट्रेटसमोर दोषी ठरल्यास दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो; पालकाने जाणूनबुजून मुलाला शाळेत जाऊ दिले नाही असा गंभीर आरोप सिद्ध झाला तर २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. परिचितांचा मुद्दा असा की लेकीची हजेरी एरवी उत्तम आहे, ती ‘नियमित’ जात नाही असे कोण म्हणेल? हाच युक्तिवाद जॉन प्लॅट या पालकाने केला होता. वाइट बेटावर राहणारे हे गृहस्थ एप्रिल २०१५ मध्ये लेकीला घेऊन फ्लोरिडाला गेले, शाळेचे सात दिवस बुडाले, आणि त्यांनी दंड भरायला नकार दिला. लेकीची हजेरी तरीही नव्वद टक्क्यांच्या वर होती. मॅजिस्ट्रेटनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला, २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. पण ६ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फिरवला. न्यायाधीश लेडी हेल यांनी लिहिलेल्या निकालपत्रात नियमित हजेरी म्हणजे शाळेने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे हजेरी, असा अर्थ निश्चित करण्यात आला. म्हणजे परवानगीशिवाय बुडवलेला एक दिवसही कायद्याच्या नजरेत पुरेसा आहे, मग वर्षभराची टक्केवारी काही का असेना. तो निकाल मी पूर्ण वाचला. त्यातली मांडणी सुसंगत आहे आणि ती वाचल्यावर आमच्या खटल्यात जिंकण्याजोगे काही नाही याबद्दल मला शंका उरली नाही.

शिवाय आमच्यासारख्यांना आणखी एक विचार करावाच लागतो. नोटिशीतली रक्कम मुदतीत भरली की त्या गैरहजेरीबद्दल पुढे खटला भरता येत नाही आणि दोषसिद्धीची नोंद होत नाही. न्यायालयात दोषी ठरणे ही मात्र निराळी गोष्ट. ती शिक्षा नागरिकत्वाच्या अर्जात नमूद करावी लागते आणि अर्जदाराचे चारित्र्य पाहताना तिचा विचार होतो. आमचा तो अर्ज अजून व्हायचा होता. तत्त्वासाठी लढण्याची किंमत इथे जन्मलेल्या पालकाला आणि व्हिसावर राहणाऱ्या पालकाला सारखी पडत नाही. आम्ही दोघांनी आपापल्या नोटिशीचे ८० पौंड ऑनलाइन भरले, मिळून १६०, आणि पावत्या छापून लेकीच्या शाळेच्या कागदांत ठेवल्या.

पुढे जाहीर झालेल्या सरकारी आकडेवारीतून कळले की २०२३-२४ या एकाच शालेय वर्षात इंग्लंडमध्ये ४ लाख ८७ हजारांहून अधिक नोटिसा दिल्या गेल्या आणि त्यांतल्या ९१ टक्के परवानगी नसलेल्या सुट्ट्यांपायी होत्या. हा आकडा वाचून मी पुष्कळ विचार केला. करोनानंतर इथल्या शाळांतली हजेरी खरोखरच ढासळली आहे. आठवडेच्या आठवडे घरात बसून राहणारी, शाळेची धास्ती घेतलेली, घरात कोणी लक्ष देणारे नसलेली मुले आहेत आणि त्यांच्यासाठी शाळा आणि काउन्सिल जिवापाड कष्ट घेतात. सरकारी व्याख्येप्रमाणे दहा टक्के किंवा त्याहून अधिक सेशन बुडवणारे मूल ‘सततचे गैरहजर’ ठरते. पण दंडाच्या नोटिसा बहुतांशी त्या घरांत जात नाहीत. त्या जातात आमच्यासारख्या घरांत, जिथे मूल एरवी रोज शाळेत असते आणि वर्षात एकदा एखाद्या कारणाने नसते. ज्याची ऐपत आहे तो हा दंड तिकिटाच्या किमतीत धरून चालतो, कारण सुट्टीच्या दिवसांतले वाढीव भाडे दंडाहून कितीतरी जास्त असते; ज्याची ऐपत नाही, त्याच्या महिन्याच्या किराण्याला त्याने खिंडार पडते. आणि खोटे बोलणाऱ्याला तो बहुधा लागतच नाही. नियम असावा याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. वर्गशिक्षिकेची ती हाताने लिहिलेली यादी पाहिल्यावर तर मुळीच नाही. मुख्याध्यापकांकडे पूर्वी जी थोडी मोकळीक होती ती मात्र परत यावी, असे मला मनापासून वाटते. वेल्समध्ये आजही वर्षाला दहा दिवसांपर्यंत सुट्टी मंजूर करण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना आहे. स्कॉटलंडमध्ये अशा सुट्टीसाठी दंडाची पद्धतच नाही. तिथली मुले त्यामुळे मागे पडल्याचे मी पाहिलेले नाही.

म्हणून जानेवारीत मी शाळेच्या गव्हर्नर मंडळाला, म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाला, पत्र लिहिले. दंडाबद्दल तक्रार त्यात नव्हती. मागणी एवढीच होती की, प्रत्येक शाळेला हजेरीचे लेखी धोरण प्रसिद्ध करावे लागते, त्यात परदेशातल्या जवळच्या नातेवाइकांच्या लग्नाचा आणि अंत्यविधीचा स्पष्ट उल्लेख असावा आणि समारंभाच्या दिवसाबरोबर प्रवासाचे दिवसही विचारात घेतले जावेत. लग्नाची तारीख आमच्या हातात नाही हे शाळेने मान्य केले, तर विमानाला लागणारा वेळही आमच्या हातात नाही हे त्याच न्यायाने मान्य व्हायला हवे. पोलिश आणि नायजेरियन कुटुंबांतल्या आयांनीही त्या पत्रावर सह्या केल्या. मंडळाचे उत्तर सौजन्याचे होते: मुख्याध्यापकांचा अधिकार बांधून टाकता येणार नाही, पण धोरणाच्या पुढच्या फेरआढाव्यात प्रवासाच्या दिवसांचा मुद्दा घेऊ. उन्हाळ्यात प्रसिद्ध झालेल्या नव्या धोरणात तसे एक वाक्य आले. जवळच्या नातेवाइकाच्या परदेशातील समारंभासाठी अर्ज करताना प्रवासाला किमान किती वेळ लागतो याचा पुरावा पालकांनी जोडावा, तो लक्षात घेतला जाईल, असे ते वाक्य आहे. यातून किती दिवस मिळतील याची हमी नाही, तरी विचारायला आता आधार आहे.

आमच्यापुरते सांगायचे तर पहिल्या नोटिशीपासून तीन वर्षे मोजली जातात. २०२७ च्या डिसेंबरच्या आत लेकीसाठी दुसरी नोटीस निघाली तर २१ दिवसांची सवलत नसेल, सरळ १६० पौंड प्रत्येकी. आणि तिसऱ्या वेळी नोटीस देताच येत नाही, तेव्हा काउन्सिल खटल्याचा विचार करते. मुलगाही आता सक्तीच्या वयात आला आहे. माझ्या मामेबहिणीच्या लग्नाची बोलणी सध्या चालू आहेत. मामींना मी शाळेच्या सुट्ट्यांची यादी पाठवली आहे आणि त्यांनी ती मुलाकडच्यांना मुहूर्त बघण्याआधी दाखवायचे कबूल केले आहे.